रातांबा फुलतो पण धरत नाही, आणि रातांब्याचेच आणखी काही प्रश्न

मागच्या महिन्यात फणसाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की आमच्याकडे रातांबा कोणी लावत नाही, तो आपला आपण उगवतो आणि मग आपण त्याला आपला म्हणतो. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या वेळचं अख्खं सदर रातांब्यालाच देऊन टाकलंय, गुलाबाच्या किडीवाल्यांनी आणि जास्वंदीच्या पिवळ्या पानांवाल्यांनी प्लीज पुढच्या अंकापर्यंत दम धरा. रातांबा म्हणजे काय हेच ज्यांना माहीत नाही (असे तिघं निघाले, तिघंही रोजच्या आमटीत आमसूल घालणारे!) त्यांच्यासाठी एवढंच, की आमसूल, कोकम, सोलं ज्या फळाच्या सालीची होतात ते फळ म्हणजे रातांबा. आणि त्याचं झाड म्हणजे सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारावर, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला, देवराईत, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं सदाहरित रानझाड. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोवा, कारवार, मंगळूर करत खाली केरळच्या उत्तरेपर्यंत ते सापडतं. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, आणि मॉलमध्ये महागात मिळणाऱ्या त्या मँगोस्टीनचं हे चुलत भावंड.

प्रश्न : आमच्या परसात रातांब्याचं झाड आहे, बी पडून आलेलं, आता बारा वर्षांचं झालं. गेली चार वर्षं थंडीत फुलांनी भरून जातं, खाली सडा पडतो, पण एक फळ धरत नाही. शेणखत घातलं, दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी दिलं, एकाने सांगितलं म्हणून बुंध्याला खिळा पण मारला. आता अजून काय करू? (राजापूरहून)

उत्तर : आधी तो खिळा काढा.

तुमचं झाड नर आहे हो. आजारी नाही, वांझ नाही, कोणाची दृष्ट लागलेली नाही. रातांब्यात पपईसारखं नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, आणि बी रुजवून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. वाईट भाग असा की फूल येईपर्यंत ते कळायला मार्ग नाही आणि बियांच्या झाडाला पहिलं फूल यायलाच सात-आठ वर्षं जातात, म्हणजे माणूस मुलाला पहिलीत घालतो त्या वर्षी रोप लावतो आणि मूल आठवी-नववीत गेल्यावर कळतं की झाड नर आहे. माझ्याकडे आलेल्या एकूण पत्रांत हाच प्रश्न निम्म्याहून जास्त वेळा आलाय, कोणी "झाड रुसलंय" लिहिलंय, कोणी "मोहोर गळतो" लिहिलंय, सगळ्यांचं उत्तर हेच.

खात्री करायची तर ह्या थंडीत फूल तोडून हातात घ्या आणि नीट बघा, भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. नर फुलं झुपक्याने येतात, चार जाडसर पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा गच्च गोळा, बोटाने दाबला तर पिवळी पूड लागते. मादी फूल एकटं किंवा दोन-तीन मिळून असतं, जरा ठसठशीत, आणि त्याच्या मधोमध बारक्या भोपळ्यासारखं हिरवं बोंड असतं, वर चिकट टोपी घातल्यासारखी. ते बोंड म्हणजेच पुढचा रातांबा. आणि एक ढोबळ खूण, जे झाड फुलांचा सडा घालतं ते बहुतेक नर, कारण मादीला सडा घालण्याइतकी फुलंच येत नाहीत. तुम्ही सड्याचं लिहिलंत तिथेच मला कळलं.

आता काय करायचं. झाड तोडू नका, हे मी अनुभवाने सांगतेय. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा परसात खालच्या अंगाला सात रातांबे होते, त्यातले तीन कधीच धरायचे नाहीत. सासूबाई त्यातल्या एकाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्यो नर आसा गो, ह्येका काय धरूचा नाय." सासऱ्यांनी एका मे महिन्यात वैतागून तिन्ही नर तोडले, लाकूड चुलीत गेलं, आणि पुढच्या दोन वर्षांत उरलेल्या चार झाडांची फळं इतकी कमी झाली की जिथे पाच-सहा पाट्या भरायच्या तिथे दीड पाटी. आजूबाजूच्या रानात नर असतील म्हणून तेवढी तरी मिळाली असणार. सासऱ्यांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही, पण नंतर वयीच्या (कुंपणाच्या) कडेला एक रोप आपोआप आलं ते नर निघालं तेव्हा त्याला कोणाला हात लावू दिला नाही.

तर एकच झाड असेल आणि ते नर असेल तर त्याच्यावर मादी झाडाची काडी बांधून घ्या. जवळच्या नर्सरीतला कलम बांधणारा माणूस घरी बोलवा, झाडाचा शेंडा कमी करून नवीन कोवळे धुमारे आले की त्यावर मृदुकाष्ठ पद्धतीने कलम बांधतात. एक-दोन फांद्या नराच्या तशाच ठेवा, म्हणजे घरचा नर घरीच राहील. आणि पहिल्यापासून लावणार असाल तर दहा मादी कलमांना एक नर पुरतो.

प्रश्न : मग कलमच आणावं हे बरोबर ना? पण माझ्या भावाने दोन कलमं आणली ती पाच वर्षं झाली तरी वेलासारखी जमिनीलगत पसरलीत, उंच होतच नाहीत. फसवलं का? आणि नवीन आणायचं तर जात कुठली? (संगमेश्वर)

उत्तर : फसवलं असं नाही म्हणणार, घाई केली कोणीतरी. रातांब्याला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात, एक सरळ वर जाणारी आणि दुसऱ्या आडव्या, खाली झुकलेल्या. कलमाला काडी आडव्या फांदीची घेतली तर ते कलम जन्मभर आडवंच वाढतं, आपण फांदी आहोत हे ते विसरतच नाही. काडी सरळ वर जाणाऱ्या फांदीची हवी, पण अशा काड्या एका झाडाला मोजक्याच मिळतात म्हणून काही ठिकाणी मिळेल ती काडी बांधतात. विकत घेताना कलमाचं पहिलं वाक्य वाचल्यासारखं बघा, वरची वाढ सरळ आहे की कुशीवर झोपल्यासारखी. भावाच्या झाडांना फळं मात्र लागतील, आडवी झाडं पण धरतात, फक्त जागा खातात आणि खालचं गवत काढताना कंबर मोडते. काठीचा आधार देऊन एखादा सरळ फुटवा मिळतो का ते बघत राहा.

जात विचारलीत म्हणून सांगते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या दोन जाती नावाजलेल्या आहेत, कोकण अमृता आणि कोकण हातीस. अमृता १९९७ ला आली आणि तिचा मोठा गुण म्हणजे ती पावसाच्या आधी तयार होते. हातीसचं फळ मोठं. मला विचाराल तर अमृता, कारण खाली सांगते.

प्रश्न : दरवर्षी आमचे निम्मे रातांबे पावसात जातात. मे अखेरपर्यंत हिरवे, आणि जूनमध्ये लाल व्हायला लागले की पाऊस सुरू. झाडाखाली नुसता चिखल आणि लाल लगदा. लवकर पिकवायला काही औषध आहे का? (देवरुखजवळून)

उत्तर : औषध नाही. असेल तरी मी सांगणार नाही, कारण कच्च्या सालीला तो रंगच येत नाही आणि रंग नाही तर त्या आमसुलाला विचारतो कोण.

हा प्रश्न कोकणातला जुनाच आहे. रानातलं झाड आपल्या सोयीने पिकत नाही, त्याला बी रुजवायची असते आणि रातांब्याची बी सुकली की मेली, ती महिनोन्महिने डब्यात ठेवून लावता येत नाही. म्हणून फळ ऐन पावसाच्या तोंडावर पिकतं, माकडं गालफडात भरून नेतात, पुढच्या झाडावर बसून गर चोखतात आणि बिया थुंकतात, वरून पाऊस पडतो, रोप तयार. झाडाच्या बाजूने बघितलं तर सगळं अगदी वेळेवर चाललंय, अडचण फक्त आपली, कारण आपल्याला साली वाळवायला ऊन लागतं.

आम्ही काय करतो ते सांगते. एकाच झाडावरची फळं पण एकदम पिकत नाहीत, त्यामुळे एकदाच झोडपून काढण्यापेक्षा मेच्या पहिल्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी लाल झालेली तेवढी काढायची, बांबूला जाळीची झोळी लावलेला झेला असतो ना आंब्याचा, तोच. उन्हाच्या बाजूची आधी लाल होतात. पाऊस आला की आमसुलाचा नाद सोडायचा आणि उरलेल्याचं सरळ आगळ (खारवलेला रस) किंवा सरबत करायचं, त्याला ऊन लागत नाही. आणि नवीन चार कलमं लावायचीच असतील तर लवकर येणारी लावा, म्हणून वर अमृता म्हटलं. जुनी झाडं मात्र काढू नका, माझ्या मते जुन्या रानरातांब्याच्या सालीला जो आंबटपणा असतो तो कलमाच्या फळाला नाही, पण हे माझं मत, विद्यापीठाचं नव्हे.

प्रश्न : गावाहून आणलेल्या आमसुलांवर दोन महिन्यांत पांढरं येतं. फेकून द्यायची का? दुकानातली वर्षभर तशीच राहतात. (ठाणे)

उत्तर : पांढरं म्हणजे कसलं पांढरं, हे आधी बघा. एक आमसूल घ्या, उजेडात धरा. साखरेच्या कणांसारखं चमचमतंय, बोटाला खरखरीत लागतंय आणि पाण्यात टाकलं की विरघळून जातंय तर ते मीठ आहे, काही झालेलं नाही, बिनधास्त वापरा. लोकरीसारखं मऊ आहे, हिरवट-करडी झाक आहे, डबा उघडल्यावर ओल्या गोणपाटाचा वास येतोय तर ती बुरशी, टाकून द्या, धुऊन उन्हात घालून पुन्हा वापरायचा हिशेब करू नका.

बुरशी येते ती मीठ कमी पडल्याने किंवा वाळवण्यात घाई झाल्याने. आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे हे शहरात बऱ्याच जणांना माहीत नसतं. फळं पुसून घ्यायची, दोन भाग करायचे, आतला पांढरा गर आणि बिया एका बादलीत, साली वेगळ्या. गराच्या बादलीत मीठ घालायचं, थोड्या वेळात त्याला लालसर रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा. ह्याला पुटं देणं म्हणतात. पहिल्या दिवशी साल लालभडक असते, तिसऱ्या दिवशी जांभळी, शेवटी काळी आणि हातात घेतली तर पातळ चामड्यासारखी लवचीक, दाबली तर रस येत नाही पण बोटाला ओलसरपणा जाणवतो. आठवडा जातो ह्यात, आणि आठवडाभर कोणीतरी अंगणात आकाशाकडे बघत बसलेलं असतं. माझ्या घरी त्या दिवसांत सगळ्यांच्या बोटांची नखं जांभळी असतात, बँकेत गेलं तर कॅशियर विचारतो, काय वहिनी, सोलं घातली का यंदा.

डबा काचेचा किंवा चिनी मातीची बरणी, ओला हात घालायचा नाही, बस. ॲल्युमिनियम आणि पितळेच्या भांड्याजवळ पण नेऊ नका, हे आम्लाचं प्रकरण आहे, भांडं खातं. आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालाय, तेव्हा पाकीट घेताना कुठलं आहे एवढं तरी वाचत जा.

प्रश्न : सोलकढीला आमसूल, आगळ की कोकम सरबत? माझी दर वेळी फुटते आणि हॉटेलसारखा गुलाबी रंग कधीच येत नाही. (नागपूर)

उत्तर : सरबत नाही हो, त्यात साखर असते! सालीच्या दुप्पट साखर, एक किलो सालींना दोन किलो, थर देऊन बरणीत भरून ठेवतात आणि जो पाक सुटतो तो सरबताचा अर्क. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्याचा खारवलेला रस, साखर अजिबात नाही, मीठ भरपूर, किलोला दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे सोलकढीत आगळ घातलं तर वरून मीठ घालायच्या आधी चव घ्या, नाहीतर खारट होऊन बसते आणि मग नारळ अजून एक फोडावा लागतो.

आमच्याकडे दोन्ही प्रकारे होते. आमसूल घ्यायचं तर दहा-बारा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास, हाताने कुस्करून गाळायची, पाणी पूर्ण गार झाल्यावर नारळाच्या रसात. फुटते ती गरम केल्यामुळे किंवा गरम पाणी तसंच ओतल्यामुळे, सोलकढी गॅसवर ठेवायची वस्तूच नाही. हॉटेलच्या गुलाबीबद्दल बोलायचं तर आमसुलाची सोलकढी मळकट गुलाबीच होते, आगळाची जरा उजळ होते, आणि लग्नाच्या पंगतीत दिसते तशी झगझगीत गुलाबी दिसली तर त्यात बीट नाहीतर रंग आहे. नारळ नसेल त्या दिवशी तिवळ करा, आमसुलाचं पाणी, जिरं, हिंग, मीठ, चिमूटभर साखर, ठेचलेली मिरची. उन्हातून आलेल्या माणसाला तिवळ जास्त चांगलं असं माझं म्हणणं, पण आमच्याच घरात ह्यावर मतभेद आहेत.

प्रश्न : मी सहावीत आहे. आजी कोकम सरबताचा ग्लास धुताना साबण लावते तेव्हा ग्लासातलं उरलेलं लाल पाणी निळसर का होतं? आई म्हणाली तुम्हाला विचार. (कोल्हापूर)

उत्तर : ह्या महिन्यातला सगळ्यात छान प्रश्न तुझा आहे. रातांब्याच्या सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात, जांभळात असतात तशीच. आंबट पदार्थात ती लाल दिसतात. साबण किंवा खायचा सोडा हे आंबटाच्या उलट, म्हणजे अल्कली, त्यात गेल्यावर तीच रंगद्रव्यं निळसर, मग हिरवट दिसायला लागतात. तुमच्या शाळेत लिटमस पेपर दाखवतात ना, हा आजीच्या मोरीतला लिटमस. करून बघ, तीन वाट्यांत बिनसाखरेच्या आमसुलाचं गाळलेलं पाणी घे, एकीत लिंबू पिळ, एक तशीच ठेव, तिसरीत चिमूट-चिमूट सोडा टाकत जा आणि कुठल्या चिमटीला रंग पालटतो ते वहीत लिहून ठेव. फेस येईल, घाबरू नको. नंतर ते पिऊ नको.

प्रश्न : इथे टोरंटोत वजन कमी करायच्या कॅप्सूलवर गार्सिनिया लिहिलेलं असतं. म्हणजे आपलं कोकमच ना? मग गावाहून आमसुलं मागवून रोज काढा घेतला तर स्वस्तात होईल. (कॅनडाहून)

उत्तर : गार्सिनिया हे आडनाव आहे, त्या घराण्यात बरीच मंडळी. कॅप्सूलवाली बहुतेक वेळा गार्सिनिया कंबोजिया असते, म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, पिवळट, भोपळ्यासारख्या रेघांची. तिच्यात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं हे १९६५ मध्ये ल्युइस आणि नीलकंठन ह्यांनी दाखवलं. ते आम्ल आपल्या रातांब्यातही आहे, आणि त्यावरच हा सगळा धंदा उभा आहे.

पण वजनाचं म्हणाल तर अमेरिकेत १९९८ मध्ये १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली, काहींना खरा अर्क आणि काहींना नुसती खोटी गोळी, आणि शेवटी दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे कॅप्सूल घ्यायची तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, आणि शुगरची किंवा कोलेस्ट्रॉलची औषधं चालू असतील तर अजिबातच नाही. आमसुलं जरूर मागवा, आमटीत घाला, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाबरोबर घाला, सोलकढी प्या. काढे नकोत. जेवणात चार आमसुलं हा स्वयंपाक, बरणीभर उकळून रिकाम्या पोटी पिणं हा स्वयंपाक नव्हे, आणि पोटात आग पडली की दोष आमसुलाला.

प्रश्न : आमच्याकडे ह्याला भिरंड म्हणतात. भिरंड आणि रातांबा एकच का? कोणाचं नाव जुनं? (फोंडा, गोवा)

उत्तर : एकच. मालवणीत पण भिरंड चालतं. जुनं कुठलं ह्या भांडणात मी पडत नाही, पण तुमच्या नावाचा कागदोपत्री पुरावा मात्र भारी आहे. गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं आणि त्यात ह्या फळाचा उल्लेख ब्रिंदांव असा आहे, म्हणजे भिरंडच पोर्तुगीज तोंडातून. गंमत म्हणजे गार्सिनिया हे नाव वाटतं ह्या गार्सियावरून आलं असेल, तसं नाही, ते लॉराँ गार्सँ नावाच्या दुसऱ्याच माणसावरून आहे.

प्रश्न : बिया फेकवत नाहीत. आजी त्यांचं तेल काढायची, टाचांना लावायची. घरी जमेल का? (चिपळूण)

उत्तर : जमेल, पण दंडात ताकद आणि दोन दिवस रिकामे हवेत. बिया राखेत चोळून धुवायच्या म्हणजे गराचा बुळबुळीतपणा जातो, मग कडकडीत वाळवायच्या. पावसाळा संपेपर्यंत ठेवल्या तरी चालतात, तेलाला जिवंत बी लागत नाही. नंतर फोडून टरफलं पाखडायची, आतला गर कुटून पीठ करायचं, ते पाण्यात उकळत ठेवायचं. तवंग वर येतो. तो हळूच काढून गार पाण्यात टाकला की गोठतो, आणि गोठता गोठता मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करायचे. मुठीत वळायचं म्हणून मुठेल. माझ्या सासूबाईंच्या मुठेलावर त्यांच्या चार बोटांचे ठसे असायचे, एक गोळा अजून देवघराच्या फडताळात आहे, वापरत नाही कोणी.

लावताना गोळा निखाऱ्याजवळ किंवा दिव्यावर जरा धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत. अंगाच्या उष्णतेच्या जरा वर वितळतं, त्यामुळे लावलेलं टिकून राहतं, खोबरेल तेलासारखं ओघळत नाही. आणि हे नुसतं टाचांचं औषध समजू नका, युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पतींची चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालते त्यात कोकम आहे. आपण बिया उकिरड्यावर टाकतो.

प्रश्न : पुण्यात आठव्या मजल्यावर कुंडीत येईल का? (कोथरूड)

उत्तर : नाही. रोप जगेल, पानं छान तांबूस फुटतील, फोटो चांगले येतील. रातांबे विसरा. त्याला दमट हवा, पायाशी पालापाचोळा आणि आजूबाजूला आपली माणसं लागतात. लिंबू लावा.

प्रश्न : आम्ही ट्रेकला जातो तेव्हा मे महिन्यात जंगलात रातांबे लागलेले दिसतात. जंगलातले तोडले तर चालतात ना, ते कोणाचेच नसतात. (मुंबई)

उत्तर : असतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तुम्हाला जे जंगल दिसतं त्यातलं बहुतेक खाजगी मालकीचं आहे, सरकारी फार थोडं. म्हणजे त्या रातांब्याखाली पाटी घेऊन येणारी कोणीतरी बाई आहे आणि तिचा जूनचा शाळेचा खर्च त्या झाडावर आहे. वाटेवर चार पडलेले उचलून खाल्लेत तर कोणी काही म्हणणार नाही, पिशवी भरू नका, आणि देवराईतल्याला तर हातच लावू नका, तिथले नियम गावाला विचारा.

खरं सांगायचं तर ट्रेकवाल्यांची चार फळं हा प्रश्नच नाही. खाजगी रान असल्यामुळे मालकाने ठरवलं की एका आठवड्यात जेसीबी येतो, डोंगर साफ, काजू नाहीतर दोडामार्गाकडे रबर. आमच्याच वाडीच्या वरचा उतार तीन वर्षांपूर्वी असा गेला, त्यात रातांबे किती होते कोणी मोजले नव्हते, कारण लावलेलेच नव्हते कोणी. सात-बाऱ्यावर हापूसची कलमं लिहिलेली असतात, रातांबा बहुतेक वेळा नसतो. भरपाई मागायला गेलं तर झाड दाखवा म्हणतात, आणि झाड तर गेलं.

प्रश्न : रातांबे खाल्ले की दात इतके आंबतात की रात्री भात पण चावत नाही. उपाय? (लांजा)

उत्तर : किती खाल्लेत ते लिहिलं नाहीत. साल दाताने फोडून चोखू नका, आंबटपणा सगळा सालीत आहे, गर त्या मानाने गोड. बोटांनी दाबून फळ उघडा, बीसकट गराची पाकळी तोंडात टाका, चोखा, बी थुंका. मीठ-तिखट लावून खायचं तर सालीची एकच फोड. आणि आंबलेल्या दातांवर लगेच ब्रश घासू नका, साध्या पाण्याने चुळा भरा. त्या रात्री भातावर सोलकढी घेऊ नका म्हणून सांगणार होते, पण लांज्याचे आहात, ऐकणार नाही.